याडी कुठी गेली?

दिग्रसच्या अलीकडं डांबरी रस्ता सोडून आत वळलं की आधी सदाशिवरावांचं वावर लागतं आणि त्याच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून लीलाबाईचं. सदाशिवरावांचं मोठं, लीलाबाईचं त्याच्या निम्मंही नाही. त्या साली दोन्ही वावरांत कापूस एकदमच फुटला. वरून नजर टाकली तर हिरवं पान शोधावं लागे. आणि मजूर? मजुराचं तर नावच काढू नका. सकाळी सकाळी ऑटोवाले तांड्यावर जाऊन उभे राहत, मालक लोक हात जोडत, कुणी चहा पाजे, कुणी पोहे. आणि एवढं करूनही मानीबाईची टोळी रोज सदाशिवरावांच्या वावरासमोरून, त्यांच्याकडं ढुंकूनही न बघता, हसत-खिदळत लीलाबाईच्या वावरात शिरे.

सदाशिवरावांना वाटलं, लीलाबाई गुपचूप मजुरी जास्त देत असेल. देत नव्हती हो. लीलाबाईचा नवरा एस.टी.त चालक, महिन्यातले निम्मे दिवस पुसदच्या डेपोत. ही बाई कुठून देणार जास्त? तिची पोरगी वैष्णवी बायांना गोष्ट सांगत होती, एवढंच.

वैष्णवी दिग्रसच्या कॉलेजात बी.ए.ला, आणि मांगापायी खुळी. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, काळ्या-पांढऱ्या. आणि त्याच मांगावरून जी हलती-बोलती रंगीत मालिका काढतात, ती ॲनिमे. ज्याला हे माहीत आहे त्यानं माफ करावं. ज्याला नाही त्यानं एवढं ध्यानात ठेवावं, कारण पुढं याच्यावरून लई तमाशा होणार आहे.

सुरुवात झाली सीतादहीच्या दिवशी. वावराच्या कोपऱ्यात दही-भात ठेवला, हळद-कुंकू वाहिलं आणि पहिली वेचणी लागली. बाया एकेक तास, म्हणजे कापसाची ओळ, धरून पुढं सरकू लागल्या, कमरेच्या ओट्या भरू लागल्या. वावरात मोबाईलला रेंज नाही, म्हणून गाणी नाहीत. टोळीतली सगळ्यात तोंडाळ रुपीबाई कंटाळून म्हणाली, "अवं वैष्णवी, तू रातंदिवस त्या मोबाईलात तोंड खुपसून काय वाचत रायते? आमाले बी सांग ना."

वैष्णवीला तेवढंच हवं होतं. तिनं 'सात शिंगांचा राजा' सांगायला घेतला.

"एक रिकू नावाचं शेपटीवालं पोट्टं असते. त्याच्या बहिणीले सात शिंगांचा राजा उचलून नेते. मंग हे पोट्टं तिले सोडवाले निंगते. संगं एक लंगडा घोडा अन् एक म्हातारी. म्हातारीच्या पाठीवर हे एवढं लोखंडी भगुनं. तिच्या हातचं जो खाईन, थो मानूस असो का राक्षस, तिच्यावर हात उचलू शकत नाई."

म्हातारीचं जपानी नाव तिनं दोनदा सांगितलं आणि दोन्हीदा ते कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. मानीबाई, टोळीची कारभारीण, म्हणाली, "याडी म्हन." बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. झालं, जपानची म्हातारी तांड्याची याडी झाली.

तिथून जे वेड लागलं ते काही विचारू नका. मधली तासं धरायला बायांची मारामारी, कारण वैष्णवी मधून चाले आणि कडेच्या तासांवर ऐकू येत नसे. कडेवरची बाई ओरडे, "काय म्हने याडी?" आणि मधली तिला पुढचं पोचवे, आपल्या पदरचं थोडं घालून. शेपटी कोणत्या रंगाची, असं कुणीतरी विचारलं. पुस्तक काळं-पांढरं, तिथं रंग कुठला? वैष्णवीनं ठोकून दिलं, "लाल." राक्षसांच्या जंगलात जपानी फळं होती, तिनं सीताफळं लावली. आणि एक गोष्ट लीलाबाईच्या लवकरच ध्यानात आली: लढाई चालू असली की बायांचे हात पटापट चालत, आणि रडण्याचा भाग आला की बोंडं झाडावरच राहत. मग ती धुऱ्यावरून ओरडायची, "लढाई सांग वं, लढाई!"

एकदा मात्र फसगत झाली. पुस्तकात घोडा मरतो, म्हणून वैष्णवीनं घोडा मारला. इमानदार पोरगी, पुस्तकात आहे तसं सांगायचं हा तिचा बाणा. मानीबाईनं ओटी सोडली, धुऱ्यावर ठेवली आणि म्हणाली, "मयत झाली. आता वेचनी नाई." तांड्यात कुणी गेलं की त्या दिवशी कामाला हात लावायचा नाही, ही रीत. बाया उठल्या, पाटावर गेल्या, डोक्यावरून पाणी घेतलं आणि घरी गेल्या. अर्धा दिवस कापूस नुसता वाऱ्यावर डोलत राहिला. लीलाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "घोडा होता वं थो! जपानचा घोडा!"

"पन आपला होता ना," मानीबाई जाताजाता म्हणाली होती. "अन् ऐकून ठेव पोरी. याडीले काही झालं ना, तं या साली तुया वावरात आमी पाय ठेवत नाई."

सगळ्या हसल्या होत्या. वैष्णवी नाही हसली. कारण नवव्या भागात याडी मरते, आणि हे त्या वावरात एकट्या तिला माहीत होतं. बाकी सगळे भाग ती मोबाईलवर वाचायची, पण तो नववा भाग तिनं छापील मागवला होता, इंग्रजीतला. तो वाचून ती दोन दिवस नीट जेवली नव्हती. आईला सांगितलं होतं, दाढ दुखते.

आता कापूस अर्धा झाडावर आणि गोष्ट आठव्या भागाच्या शेवटावर. करावं काय? लाल शेपटी आणि सीताफळं सोडली तर वैष्णवीनं आयुष्यात पहिल्यांदा मांगाशी बेइमानी केली. आठव्या भागात एक दलदल आहे, पुस्तकात ती चार पानांत संपते; वैष्णवीनं रिकूला त्या दलदलीत जो घुसवला तो बाहेरच येऊ देईना. आज मगर, उद्या जळू, परवा मगरीची सासू. कापूस संपेपर्यंत दलदल संपू द्यायची नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पण बाया काही दूधपित्या नव्हत्या. रुपीबाई म्हणालीच, "काहून वं, रस्ता भुलली का तू? किती दिसापासून आमी चिखलातच फिरून राह्यलो."

आणि नेमके त्याच वेळी सदाशिवराव आले.

ते एकटे नाही आले, पोराला घेऊन आले. गोपाल. वैष्णवीच्याच वर्गातला, आणि ॲनिमेचा भक्त. कॉलेजच्या कँटीनमध्ये दोघांची जुंपायची तेव्हा लोक आपापले समोसे घेऊन ऐकायला बसत. गोपाल म्हणायचा, ॲनिमेत रंग हाये, गाणं हाये, मेलेलं चित्र काय वाचते? वैष्णवी म्हणायची, ज्यानं मूळ पुस्तक वाचलं नाही त्यानं तोंड उघडू नये. असं भांडण झालं की त्या दिवशी दोघंही फार खुशीत घरी जात, पण ते दोघांनीही कबूल केलं नव्हतं.

सदाशिवराव धुऱ्यावर उभे राहिले. त्यांचाही कापूस ओथंबला होता, आणि वर आभाळ दोन दिवसांपासून गढूळ. तालुक्याच्या ग्रुपवर पावसाचे मेसेज फिरत होते. कापूस भिजला की पिवळा पडतो, मग व्यापारी त्याच्याकडं नाक मुरडून बघतो. ते मानीबाईला म्हणाले, "बाई, तुमाले थे शिंगवाल्या राजाची गोष्ट आवडते म्हने. आमच्या गोपालजवळ तिचा पिच्चर हाये. हिंदीत. जेवनाच्या सुट्टीत वावरातच टीवी लावतो. तीन दिसांत राजा खलास!"

बाया एकमेकींकडं बघू लागल्या.

"याडी दिसन का त्याच्यात?" मानीबाईनं विचारलं. "चालतानी-बोलतानी?"

"सगळेच दिसते," सदाशिवराव म्हणाले. त्यांनी काही तो पाहिला नव्हता.

"वैष्णवी, रागावू नोको माय," मानीबाई म्हणाली, आणि तिचा चेहरा एखाद्या नव्या नवरीसारखा लाजला होता. "एक डाव याडीले पाहून येतो. कशी हासते, कशी चालते. मंग येतोच परत."

वैष्णवीनं गोपालकडं असं पाहिलं की तो बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकला. त्याच्या पायात चप्पल होती.

दुसऱ्या दिवशी लीलाबाईच्या वावरात दोनच माणसं: लीलाबाई आणि वैष्णवी. एवढा कापूस, चार हात. वेचून वेचून बोटं सोलली तरी तास संपेना. पलीकडच्या वावरात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर टीव्ही ठेवला होता, इन्व्हर्टरची बॅटरी जोडली होती, वरून ऊन लागू नये म्हणून ताडपत्री. शेवटी लीलाबाई म्हणाली, "आभाळ उतरलं ना, तं सालभराची मेहनत पान्यात जाईन बाई." बस, एवढंच.

दुपारी ॲनिमेचं गाणं वाजलं. ढणाढणा, चिंचेवरचे पोपट उडाले. थोडा वेळ पिच्चर चालला. मग एकदम टाळ्या नाहीत, हसणं नाही, कालवा! "बंद कर! बंद कर थे!" आणि सगळ्यांच्या वर रुपीबाईचा आवाज, "याडी कुठी गेली?"

वैष्णवीनं ओटी फेकली आणि धुरा ओलांडून धूम पळाली.

तिकडं काय सोहळा चालला होता! बाया ट्रॉलीभोवती उभ्या, जेवणाच्या शिदोऱ्या अर्ध्या सुटलेल्या, आणि टीव्हीवर मोठ्या चमकत्या डोळ्यांची, हातात तलवार घेतलेली, गुलाबी केसांची एक कोवळी पोरगी थांबवून ठेवलेली. गोपाल रिमोट धरून घामाघूम.

"ही पोट्टी कोन होय?" रुपीबाई टीव्हीवर बोट नाचवत होती. "याडीचं बोलनं ही काहून बोलून राह्यली? याडी म्हनते ना, 'उपाशी मानसाशी लढाले लाज वाटते मले', थे हिच्या तोंडी कायले?"

"अन् शेपूट निळी!" दुसरी ओरडली.

"थे सोड. थो घोडा पाह्य घोडा!" मानीबाईचा तर श्वास फुलला होता. "जित्ता हाये! चांगला धडधाकट, लंगडत बी नाई! आमी याच्यापाई आंघोळी केल्या, अर्ध्या दिसाची मजुरी सोडली, अन् हा मुडदा मजेत पळून राह्यला!"

"मावशी, ॲनिमेत तसंच हाये," गोपाल कळवळून म्हणाला. "बाराच भाग काढले ना. जागा कमी पडली. म्हातारीले काढून टाकलं त्यायनं."

"काढून टाकलं?" मानीबाईनं तो शब्द असा उच्चारला की सदाशिवराव दोन पावलं मागं सरले. "याडीले? जागा कमी पडली म्हनून?"

वैष्णवीच्या अंगात वारं भरलं. कँटीनमधली सगळी भांडणं ती आज जिंकली होती. "सांगत होती ना मी तुले!" ती गोपालवर कडाडली. "मी सांगत नव्हती का, की ॲनिमेवाल्यायनं सत्यानाश केला? पुस्तकात आत्मा हाये आत्मा! तुमी लोकं नुसते रंग पाह्यता!"

"तू कोन्ता आत्मा ठेवला वं?" गोपालही पेटला. "मले या मावशीनं सारं सांगतलं. मगरीची सासू कुठल्या भागात हाये? आं? सीताफळं कुठी हायेत जपानात? तू बी त ॲनिमेच बनवून राह्यली!"

हे लागलं. लागलं, कारण खरं होतं.

आणि तेवढ्यात रुपीबाईच्या डोक्यात नको तो विचार आला. "थांबा वं," ती म्हणाली. "मगरीची सासू तूनं बनवली. मंग याडी बी तूनंच बनवली का? टीवीत तं याडी नाईच. आमाले उल्लू बनवलं का तूनं?"

सगळ्या बाया वैष्णवीकडं वळल्या. राग आला असता तर बरं होतं. त्या घाबरल्या होत्या. घोडा गेला तर आंघोळ केली, पण याडी मुळात नव्हतीच म्हटलं तर काय करायचं असतं, याची रीत कुणालाच ठाऊक नव्हती.

"हाये याडी!" वैष्णवी ओरडली. "पुस्तकात हाये! हे पाहा," म्हणून तिनं मोबाईल काढला.

"मोबाईल नोको," रुपीबाई म्हणाली. "मोबाईलात काई बी बनवते आजकाल. माया भाच्यानं मेलेल्या आजाले नाचवून दाखवलं. छापलेलं दाखव."

मानीबाईनं निकाल दिला. "पुस्तक आन. याडी हाये तं आत्ता, याच पावली तुया वावरात येतो, आभाळ फुटाच्या आंधी सारा कापूस काढून देतो. नाई तं आमी इथीसाच बऱ्या. हे निदान खोटं तं बोलत नाईत."

छापलेलं पुस्तक एकच होतं. नववं. ज्याच्यात याडी मरते.

स्कूटीवरून घरी जाईपर्यंत आणि परत येईपर्यंत वैष्णवीनं किती देव आठवले! पुस्तक दाखवलं तर याडी मेलेली दिसणार, बाया पाटावर आंघोळीला जाणार आणि या साली तिच्या वावरात पाय ठेवणार नाहीत. नाही दाखवलं तर ती खोटारडी, आणि बाया सदाशिवरावांच्या. वाटेत एक टपोरा थेंब तिच्या हातावर पडला. तिनं स्कूटीचा कान पिळला. काय होईल ते होवो, पण याडी होती, हे तर त्यांना कळलं पाहिजे. तिच्यासाठी आपण रडलो, त्याही रडोत.

तिनं पुस्तक मानीबाईच्या हातात दिलं. मानीबाईनं आधी हात पदराला पुसले. सगळ्या तिच्याभोवती उकिडव्या बसल्या, सदाशिवरावही मागून मान उंच करून. लीलाबाईसुद्धा वेचणी टाकून आली होती. मानीबाईनं पुस्तक मांडीवर ठेवलं आणि आपण सगळे उघडतो तसं, डावीकडून उघडलं.

आता जपानी पुस्तकाची गंमत अशी, की ते उजवीकडून सुरू होतं. आपला शेवट तो त्यांचा आरंभ, आणि त्यांचा शेवट आपल्या पहिल्या पानावर. वैष्णवी म्हणणार होती, "मावशी, उलटं धरलं," पण तोंडातून शब्द निघायच्या आत पान उघडलं होतं.

पानभर चित्र. पांढऱ्या फुलांच्या ढिगात याडी निजलेली, डोळे मिटलेले. भोवती सगळे मान खाली घालून, रिकूनं तिचे पाय धरलेले.

रुपीबाईनं तोंडाला पदर लावला. "कापसात निजवलं वं तिले," ती कशीबशी म्हणाली. काळ्या-पांढऱ्या चित्रातली ती फुलं खरंच फुटलेल्या बोंडांसारखी दिसत होती. मानीबाईच्या नाकाचा शेंडा लाल झाला. एक बाई उठायला लागली, आंघोळीसाठी. लीलाबाईनं डोळे मिटून घेतले. संपलं सगळं, वैष्णवीला वाटलं, आणि तिला स्वतःलाही हुंदका आला.

पण मानीबाईचा हात पानावर होता. तिनं डोळे पुसले आणि पान उलटलं.

याडी जमिनीवर पडलेली, पण डोळे उघडे. राजा तिच्यावर भाला घेऊन ओणवा. पुढचं पान. याडी एका गुडघ्यावर. पुढचं. याडी उभी! केस सुटलेले, हातात पळी, आणि राजाची सातही शिंगं तिच्यासमोर खाली झुकलेली.

"उठली!" रुपीबाई किंचाळली. "माय वो, उठली! याडी उठली!"

मग काय विचारता! आंघोळीला उठलेली बाई तिथंच फुगडीला लागली. बाप्पा बाप्पा, एकीनं सदाशिवरावांच्या पाठीत धपाटा घातला, आणि ते रागवायच्या ऐवजी म्हणाले, "पाह्य पाह्य, पान उलटव ना लवकर!" पुढच्या पानात राजाचे राक्षस हत्यारं टाकून पंगतीला बसलेले. त्याच्या पुढं याडी भगुन्यात पळी फिरवते आणि अशी खळखळून हसते, की चित्रातून आवाज यावा. मानीबाईनं त्या हसण्यावरून बोट फिरवलं. "अशी हासते होय," ती म्हणाली. "मले वाटलंच होतं."

एक माणूस मात्र नाचत नव्हता. गोपाल. त्याला माहीत होतं, मांगा कुठून वाचतात ते. त्यानं एकदा पुस्तकाकडं पाहिलं, एकदा वैष्णवीकडं, आणि त्याला सगळं कळलं. एक शब्द बोलला असता तर टोळी आंघोळीला गेली असती. त्यानं घसा खाकरला. "मावशी," तो म्हणाला, "एक सांगू का तुमाले?"

वैष्णवी पुस्तक ओढून घ्यायला पुढं सरकली.

"हे पुस्तक आमच्या टीवीपक्षा लईच भारी हाये," गोपाल म्हणाला आणि लाल होऊन बॅटरीच्या वायरी काढायला लागला.

वैष्णवीनं इतके दिवस त्याच्याशी भांडण्यात घालवले याचं तिला त्या क्षणी भयंकर वाईट वाटलं, आणि पुढंही भांडायला मिळेल याचा आनंदही तेवढाच झाला. पण त्याच्या त्या एका वाक्यानं तिची पंचाईत झाली. त्यानं आपल्या बापाचा कापूस सोडला आणि तिला सांभाळलं. आता तिनं गप्प बसून फसवायचं? आणि कुणाला, तर ज्या बायांनी घोड्यापायी मजुरी सोडली त्यांना? ती मानीबाईसमोर बसली.

"मावशी, मी खोटं नाई बोलत आता. थे पुस्तक उजवीकडून वाचते. तिकडून सुरू होते. पहिले याडी हासते, राक्षसायले खाऊ घालते, राजाशी लढते. अन् मंग..." तिनं पानं मागं उलटून फुलांचा ढीग दाखवला. "मंग शेवटी मरते. मी तुमाले सांगत नव्हती म्हनून दलदलीत फिरवत होती."

फुगड्या थांबल्या. रुपीबाईनं मानीबाईकडं पाहिलं, सगळ्यांनीच पाहिलं. मानीबाईनं पुस्तक मिटलं, उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. दोन्हीकडून सारखंच जाड होतं.

"तिकडचे लोकं तिकडून वाचत असतीन," ती म्हणाली. "त्यायची मर्जी. आमी इकडून वाचतो."

"पन मावशी, लिहनाऱ्यानं..."

"लिहनाऱ्यानं याडी काढली, त्याचं भलं हो. टीवीवाल्यानं काढून टाकली, त्याले काय बोलाव. तूनं तिले आमच्यापाशी आनलं. आता आमी तिले मरू देनार हाव का?" मानीबाई उठली, कमरेला ओटी करकचून बांधली. "मेलेली पाह्यली ना आपुन? पाह्यली. रडलो ना? रडलो. झालं मंग. आता उठलेली पाहू. चाल वं, वाच. काय काय बोलते याडी थे सारं सांग, एक शब्द गाळू नोको. अन् मगरीची सासू आनू नोको मधात!"

आणि टोळी धुरा ओलांडून निघाली. सदाशिवराव मागून ओरडले, "अन् मायं वावर वं?"

"तुमचं बी काढू, हिचं झालं की!" रुपीबाई ओरडली. "पन टीवी घरी ठेवा!"

त्या दुपारी लीलाबाईच्या वावरात जे हात चालले, ते लढाईच्या भागालाही कधी चालले नव्हते. आभाळ खाली आलं होतं, ढगांचा आवाज येत होता, आणि मध्यावर वैष्णवी हातात पुस्तक धरून उलटी चालत होती, म्हणजे बायांकडं तोंड करून, मागं मागं सरकत. पलीकडच्या तासावर गोपाल, कमरेला आईचं जुनं लुगडं ओटीसारखं बांधून, बोंडाबरोबर पालाही तोडत होता आणि शिव्या खात होता. शेवटी सदाशिवरावांनाही धुऱ्यावर राहवेना, तेही शिरले.

वैष्णवी डावीकडून वाचत गेली. शब्द मात्र पुस्तकातलेच, एकही आपल्या पदरचा नाही. आणि नवल असं, की उलट्या पानांवरही ते बसत गेले. राजा म्हणतो, "ही मेली कशी नाही?" राक्षस म्हणतात, "हिच्या हातचं खाल्लंय आम्ही." जे वाचून ती खोलीत एकटी रडली होती, तेच आता ती ओरडून ओरडून सांगत होती आणि बाया हसत होत्या, आणि तिला इतकं हलकं वाटत होतं की पाय जमिनीला लागतात की नाही याची तिलाच शंका आली. कापसाच्या गंज्या लागल्या, वर ताडपत्री पडली, शेवटचं तास राहिलं.

शेवटचं पानही राहिलं. म्हणजे जपान्यांचं पहिलं. त्यात कुणी मेलेलं नव्हतं आणि कुणी लढत नव्हतं. याडीनं तीन दगडांची चूल मांडली होती, भगुनं चढवलं होतं आणि ती सरळ पुस्तकाबाहेर बघत होती.

"काय म्हनते?" कडेच्या तासावरून आवाज आला.

"म्हनते," वैष्णवीनं पुस्तक उंच धरलं, "'या, बसा. कोन कोन उपाशी हाये?'"

आणि सगळ्या वावरातून, पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत, सदाशिवरावांच्या घोगऱ्या आवाजासकट, एकच ओरडा उठला, "आमी!"